सिद्धांत ‘सिद्ध’ असेल तर बदलतो कसा?

गिरगावातल्या एका विज्ञानशिक्षिकेचा प्रश्न आहे : ‘थिअरी’ला आपण सिद्धांत म्हणतो. सिद्ध म्हणजे पक्कं झालेलं, अंत म्हणजे शेवट. मग नवा पुरावा आला आणि सिद्धांत बदलला, हे मुलांना पटवायचं कसं? ‘उपपत्ती’ बरा नाही का?

शब्द ठीक आहे, अर्थ लावताना चूक होते. इथला अंत वादाचा आहे, ज्ञानाचा नव्हे. जुन्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मांडायचं, ते खोडायचं आणि शेवटी जो निर्णय उरेल तो सिद्धांत. नवा पूर्वपक्ष घेऊन कोणी उभा राहिला की खटला पुन्हा बोर्डावर.

ज्योतिषगणितात तर हा शब्द सर्रास अनेकवचनी चालत आला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने पाच सिद्धांत, म्हणजे ग्रहगणिताच्या पाच पद्धती, शेजारी ठेवून निवाडा दिला : पौलिश नेमका, रोमक त्याच्या जवळपास, सौर त्याहून नेमका, उरलेले दोन ‘दूरविभ्रष्ट’, म्हणजे पार भरकटलेले. मुरूडजवळच्या नांदगावचा गणेश दैवज्ञ आणखी पुढे गेला. १५२० च्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथात त्याने सूर्य सौरपक्षाचा (सूर्यसिद्धांताच्या गणिताचा) घेतला, चंद्रही त्याचाच पण ९ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वजा करून; गुरू आर्यपक्षाचा (आर्यभटाच्या परंपरेचा), शनी त्याच पक्षाचा पण ५ अंश मिळवून. कारण दिलं एका शब्दात : असे घेतले की ग्रह ‘दृक्तुल्य’ होतात, डोळ्यांना दिसतात तिथेच गणितात येतात. थिअरी आणि निरीक्षण यांच्या नात्यासाठी याहून नेटका शब्द मला तरी माहीत नाही.

गोंधळाचं खरं मूळ शाळेच्या पुस्तकांत आहे. ‘पायथागोरसचा सिद्धांत’ आणि ‘पायथागोरसचे प्रमेय’ दोन्ही छापलेले सापडतात. ते प्रमेयच. गृहीतकांवरून एकदा सिद्ध झालं की नवा पुरावा त्याचं काही बिघडवू शकत नाही. एकच शब्द दोघांना लावल्यावर मुलांनी बिचकायचं नाही तर काय? उपपत्तीने सुटका नाही, कारण गणिताच्या जुन्या टीकांत उपपत्ती म्हणजे चक्क सिद्धता. आणि ‘उत्क्रांतिवाद’, ‘सापेक्षतावाद’ मधला वाद शक्यतो टाळावा. समाजवादासारखा तोही कुणाचा तरी पक्ष वाटतो.

शब्दापेक्षा क्रियापद सांभाळा. प्रमेय सिद्ध करतात. गृहीतक मांडतात, तपासतात. नियम आढळतो. सिद्धांताला पुष्टी मिळते, तो टिकतो, सुधारतात, अपुरा पडतो किंवा मोडीत निघतो. ‘सिद्धांत सिद्ध झाला’ हे वाक्य वहीत दिसलं की लाल शाई.

अपुरा पडणं आणि मोडीत निघणं यांतही फरक ठेवा. बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) जास्त सरकतो, हा हिशेब न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाने लागत नव्हता. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने लावला. न्यूटन तिथे अपुरा पडला, पण यानांचं बरंचसं गणित आजही त्याच्याच सूत्रांवर चालतं.

मोडीत निघाल्याचं उदाहरण मुंबईतच आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला तेव्हा दोष घाणीवर, दूषित हवेवर आणि दूषित जमिनीवर होता, म्हणून गटारं धुणं, भिंतींना चुना, जमिनीवर जंतुनाशक कार्बोलिक. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांवर बोट ठेवलं. तेव्हा ते गृहीतकच होतं आणि सरकारी आयोगाला पटलं नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी ते तपासलं. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत जमिनीलगतचे गिनीपिग मेले, २ फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. दूषित हवेने लागण होत असती तर वरचेही मेले असते. पिसवेची उडी मात्र तेवढी पोचत नाही. गृहीतकाचा सिद्धांत झाला आणि घाणीचा जुना सिद्धांत मोडीत निघाला तो इथे.

जाता जाता : ‘मलेरिया’ या इटालियन शब्दात ‘वाईट हवा’ अजून तशीच बसली आहे, जरी डासाचा दोष १८९७-९८ मध्येच उघड झाला. आपला ‘हिवताप’ फक्त लक्षण सांगतो, कारणाच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे त्याला काही बदलावं लागलं नाही.