वाचकांचे प्रश्न : नव्या गाडीचे तेच ते दुखणे

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी साडेनऊ लाखांची पेट्रोल मोटार पुण्याहून घेतली. दोन-तीन दिवस उभी राहिली की तिची बॅटरी उतरते आणि चालू गाडीत मधूनच डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागून स्टिअरिंग जड होते. सर्व्हिस सेंटरच्या पाच फेऱ्या झाल्या. एकदा बॅटरी बदलली, एरवी ‘दोष आढळला नाही’ असे सांगून गाडी परत दिली. गाडीच बदलून मागता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : स्टिअरिंगचा दोष निघेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका, हे आधी सांगतो. विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगला करंट भरपूर लागतो. त्यामुळे ढिली अर्थिंग किंवा अपुरे चार्जिंग या एकाच कारणापोटी तुमच्या दोन्ही तक्रारी उद्भवू शकतात. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांशी सहसा साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळायला हवेत. गाडी कुलूपबंद करून अर्धा-पाऊण तास गेल्यावर किती करंट ओढला जातो, तेही मोजायला लावा. बाहेरून डॅशकॅम किंवा म्युझिक सिस्टीम बसवली असेल, तर ती काढूनच मोजणी करा. नाहीतर कंपनी पहिले बोट तिच्याकडेच दाखवेल.

तुमची बाजू लंगडी पडते ती जॉब कार्डावर, म्हणजे गाडी देताना सर्व्हिस सेंटर तक्रारी लिहून घेते त्या कागदावर. काउंटरवरचा माणूस सवयीने ‘जनरल चेकअप’ लिहितो, आपण सही करतो आणि पाच फेऱ्यांची नोंद पाच साध्या तपासण्या अशी होते. ‘चालू गाडीत स्टिअरिंग जड झाले, दिवा लागला’ असे तारीख आणि किलोमीटरसह लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. दिवा लागेल तेव्हा शेजारी बसलेल्याला, ओडोमीटर दिसेल असे, मोबाइलवर चित्रीकरण करू द्या.

गाडी बदलून मिळणे मात्र सोपे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका प्रकरणात, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचीच हमी असल्याने, नवी गाडी देण्याचा आदेश रद्द केला होता. त्यामुळे दोष मुळातला असून दुरुस्तीने जात नाही, हे तुम्हाला दाखवावे लागेल. त्यासाठी ग्राहक आयोगाकडे तज्ज्ञ तपासणीची मागणी करता येते. कंपनी आणि विक्रेता दोघांनाही लेखी नोटीस द्या. दाद न मिळाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, सांगलीच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येईल. तुमच्या गाडीच्या किमतीला त्याचे शुल्क २०० रुपये आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जॉब कार्डांच्या फायलीत लावून ठेवा.