झूम मीटिंग आणि यूट्यूब लाइव्हमध्ये टाळ्या, घंटा, बझर वाजवायचे आहेत. साउंडबोर्ड (बटण दाबलं की असे आवाज वाजवणारं ॲप) कसा जोडायचा?

तुम्ही लिहिलंय की मंडळाची प्रश्नमंजुषा झूमवर घेता, तीच ओबीएस या लाइव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधून यूट्यूबवर लाइव्ह जाते, लॅपटॉप विंडोजचा आहे. साउंडबोर्डचं बटण दाबलं की टाळ्या तुम्हाला ऐकू येतात, समोरच्यांना नाही. हे होणारच. ॲप आवाज स्पीकरकडे पाठवतं आणि झूम ऐकतं फक्त माइकचं. या दोघांची गाठ घालून द्यायची, की झालं. ॲप कुठलं घेतलंय याने फारसा फरक पडत नाही.

नुसती झूम मीटिंग असती, तर एवढा खटाटोप करूच नका असं म्हटलं असतं. शेअरमध्ये जाऊन ॲडव्हान्स्डखाली कॉम्प्युटर ऑडिओ निवडायचं, किंवा पीपीटी दाखवत असाल तर शेअर साउंडवर टिक करायची. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. फक्त व्हॉट्सॲप वेब बंद ठेवा, नाहीतर त्याचं टिंगसुद्धा सगळ्यांना ऐकू जातं.

पण तुम्हाला दोन ठिकाणी आवाज पाठवायचाय, तेव्हा व्हॉइसमीटर बनाना हे आवाज हवा तिकडे वळवणारं मिक्सर सॉफ्टवेअर घ्या. मोफत वापरता येतं, आवडलं तर पैसे पाठवायचे. इन्स्टॉल केल्यावर मशीन रीस्टार्ट करा. साधं व्हॉइसमीटर नको, कारण त्यात व्हर्च्युअल इनपुट (दुसऱ्या ॲपचा आवाज आत घ्यायची वाट) एकच असतो आणि तुम्हाला दोन लागतात: एक साउंडबोर्डला, एक झूममधून येणाऱ्या माणसांच्या आवाजाला.

गाडी अडते ती नावांपाशी. 'व्हॉइसमीटर इनपुट' दिसतं स्पीकरच्या यादीत आणि त्याचं आउटपुट दिसतं माइकच्या यादीत. उलटं वाटतं, पण पाइप समजा: एका तोंडाने आवाज ओतायचा, दुसऱ्या तोंडाशी झूमने कान लावायचा.

आता जोडणी. उजवीकडे वर ए-वन म्हणून तुमचा हेडफोन निवडा. स्पीकर लावून हा उद्योग करू नका. पहिल्या हार्डवेअर इनपुटला माइक. साउंडबोर्ड ॲपचं आउटपुट 'व्हॉइसमीटर इनपुट', झूमचा स्पीकर 'व्हॉइसमीटर ऑक्स इनपुट'. झूमचा माइक बी-वन, ओबीएसचा माइक बी-टू. म्हणजे बी-वनमध्ये जे जाईल ते मीटिंगला, बी-टूमध्ये जे जाईल ते यूट्यूबला. राहिली पट्ट्यांवरची बटणं; व्हॉइसमीटरमध्ये प्रत्येक इनपुटची एक उभी पट्टी असते. माइकच्या पट्टीवर बी-वन, बी-टू चालू आणि ए-वन बंद, नाहीतर स्वतःचाच आवाज किंचित उशिरा कानात येऊन बोलणं अडखळतं. साउंडबोर्डच्या पट्टीवर तिन्ही चालू. झूमच्या पट्टीवर ए-वन आणि बी-टू चालू, बी-वन मात्र काही झालं तरी बंद. ते चुकून चालू राहिलं की स्पर्धकाला स्वतःचं उत्तर परत ऐकू येतं आणि तो 'हॅलो, हॅलो' करत बसतो. ओबीएसमधला डेस्कटॉप ऑडिओ म्यूट करा, नाहीतर तोच आवाज दोनदा जाऊ शकतो. आणि हो, ओबीएसचा व्हर्च्युअल कॅमेरा फक्त चित्र नेतो, आवाज नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

एवढं करूनही एक अडचण उरते, आणि तिच्यामुळे लोक ॲपला शिव्या देतात. झूमचं नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट कापण्याची सोय, माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं आहे. देवळातल्या घंटेचा 'टण' तेवढा जातो, मागची घणघण कापली जाते. टाळ्या तर त्याला पावसाचा आवाज वाटतो. सुरुवात तेवढी पोचते, मग शांतता. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स'ची सोय आहे, ती तिथे सुरू करा आणि मीटिंगमध्ये गेल्यावर तिथलंही बटण दाबून चालू झाल्याची खात्री करा. बदल्यात तुमच्या खोलीतला पंखा आणि कुकरची शिट्टीही लोकांपर्यंत जाईल, तेव्हा दार लावून बसा.

क्लिपांवर थोडा वेळ घालवा. डाउनलोड केलेल्या बझरच्या सुरुवातीला अनेकदा थोडी शांतता असते. ऐकताना कळत नाही, पण वेळ संपल्यावर दाबलेला बझर उशिरा वाजला की वाद ठरलेला. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये उघडून ती कापा आणि सगळ्या क्लिपा लाउडनेस नॉर्मलायझेशनने एका पातळीवर आणा. तुमचं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचत असेल, तर क्लिपा त्याहून सहाएक डेसिबल खाली ठेवा. हेडफोन लावलेल्या आजोबांच्या कानात टाळ्यांचा स्फोट नको. सिनेमाचं संगीत यूट्यूबवर टाळलेलंच बरं, कॉपीराइटचा दावा लागू शकतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतले साउंड इफेक्ट किंवा फ्रीसाउंड या साइटवरचे सीसी-झिरो परवान्याचे, म्हणजे कुणालाही मुक्तपणे वापरता येणारे आवाज पुरतात. आवाज करकरला किंवा रोबोटसारखा आला, तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये सगळी उपकरणं ४८००० हर्ट्झवर आहेत का ते आधी बघा.

स्ट्रीम डेक हे बटणांचं यंत्र घ्यावं का, असंही विचारलंय. ती नुसती बटणं आहेत, जोडणीचा प्रश्न त्याने सुटत नाही. यूएसबीचा साधा नंबर पॅड लावून त्याला हॉटकी (एक बटण, एक आवाज) दिल्या तरी तेच काम होतं. रोड कंपनीच्या रोडकास्टर प्रो टू या ऑडिओ मिक्सरवर मात्र आवाज वाजवायचे आठ पॅड आहेत आणि समोरच्याचा आवाज त्यालाच परत न जाऊ देण्याची व्यवस्थाही यंत्रातच आहे. पण किंमत बघा, आणि वर्गणीतून घेणार असाल तर आधी खजिनदारांना दाखवा.