नवरा गेला की पहिला संशय बायकोवरच का?

या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत, नवऱ्याचा खून आणि बायकोवर संशय अशा थ्रिलर्सवर. त्यातली चार घेतलीयेत.

प्रश्न : ताई, मी बडोद्याला कारेलीबागेत राहते. रात्री मुलं झोपली, ओटा आवरला की मी मोबाईलवर मर्डर मिस्ट्री लावते आणि त्यात नवरा मेलाय, बायकोवर संशय आहे असं असलं की एका बैठकीत संपवते. सासूबाई म्हणतात सवाष्ण बाईने असलं अभद्र बघू नये. मला हे एवढं का आवडतं? आणि पहिल्या दहा मिनिटांत मी पण "हिनेच केलंय" असंच का म्हणते?

उत्तर : आवडतं कारण बाकीच्या खुनाच्या गोष्टी बंदूक, गाड्या, गँग यांच्या असतात आणि ही गोष्ट आपल्या घरातली असते. दूध कोणी तापवलं, बीपीच्या गोळ्यांचा डबा कोणी भरला, रात्री दाराला कडी कोणी घातली, रोज आपल्या हाताखालून जाणाऱ्या या गोष्टी तिथे एकदम पुरावा होतात आणि त्या वाचायला आपल्याला इन्स्पेक्टर लागत नाही. सासूबाईंना एकदा शेजारी बसवून बघा, कप कुठे चुकीचा ठेवलाय ते त्या तुमच्या आधी सांगतील.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्यासाठी मला माझ्या मावशीचं सांगावं लागेल. रावपुऱ्यातल्या वाड्यात आम्ही राहायचो, मी तेव्हा अकरा वर्षांची, काका पहाटे झोपेतच गेले, हार्ट अटॅक. वाड्यातल्या बायका जमल्या आणि मावशी काय करत होती तर स्टोव्हवर दूध तापवत होती, कारण धाकटा सात महिन्यांचा होता आणि भुकेने रडत होता. ती रडली नाही, दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडे बघत उभी राहिली, आणि मग पदराने पातेलं उतरवलं. एवढंच. पण "नवरा आत पडलाय आणि ही दूध तापवतेय" हे वाक्य पुढे वीस वर्षं तिच्या मागे फिरत होतं, तिच्या मुलीच्या लग्नाच्या वेळीसुद्धा कोणीतरी काढलं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, कोणाचा काही आरोप नव्हता, तरीही.

तर तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत जे म्हणता ते वाड्यातल्या बायका म्हणत होत्या. आपण पुरावा बघत नसतो, बाई कशी वागतेय ते बघत असतो, रडली का, कुठली साडी नेसली, फोनवर कोणाशी बोलली. आणि कोर्टंसुद्धा यातून सुटलेली नाहीत. 1889 मध्ये लिव्हरपूलला फ्लॉरेन्स मेब्रिक नावाच्या बाईवर नवऱ्याला आर्सेनिक दिल्याचा खटला चालला. तिने माश्या मारायचे कागद पाण्यात भिजत घातले होते, त्यात आर्सेनिक असायचं, ती म्हणाली चेहऱ्याला लावायला. नवरा स्वतःच टॉनिक म्हणून आर्सेनिक घ्यायचा हेही बाहेर आलं होतं. पण तिचं दुसऱ्या पुरुषाशी प्रकरण होतं आणि जजने ज्युरीला समजावून सांगताना त्यावर इतका भर दिला की विष कुठून आलं हे बाजूलाच राहिलं. फाशीची शिक्षा झाली, मग ती जन्मठेपेवर आली, 1904 मध्ये बाई सुटली. आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष द्यायची परवानगीसुद्धा तिथे 1898 नंतर मिळाली, म्हणजे तिला ती नव्हतीच. आणि हे वाचून मला धक्का बसला होता, तो जज म्हणजे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, आपला 1872 चा पुरावा कायदा ज्याने लिहिला तोच. पुरावा म्हणजे काय हे एका अख्ख्या देशाला लिहून देणारा माणूस, आणि समोर बाई आली तर तिचं चारित्र्य मोजत बसला!

म्हणून पुढच्या वेळी सिरीज लावली की एक करून बघा, "हिनेच केलंय" असं वाटलं की तिथेच पॉझ करा आणि कशावरून वाटलं ते स्वतःला विचारा. मी करते आणि बऱ्याच वेळा उत्तर "ती रडली नाही" एवढंच निघतं.

प्रश्न : सिरीजमध्ये लेडी इन्स्पेक्टर दोन तास प्रश्न विचारते, बायको कोसळते, "हो, मीच मारलं" म्हणते आणि केस संपते. खरंच असं असतं का? (मांजलपूरहून एक वाचक)

उत्तर : नाही हो. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 23. त्या कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली, समजा सुरी, तर तेवढा भाग धरतात. म्हणजे जिथे सिरीज संपते तिथून खरी केस सुरू होते.

हां, बायकोच्या बाबतीत एक वेगळं कलम भारी पडतं, जुनं 106, आता 109. जी गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत असणार तिचा खुलासा तुम्ही द्यायचा. घरात दोघंच होते, दार आतून बंद, सकाळी एक मेलेला, तर दुसऱ्याला बोलावंच लागतं. पण आधी सरकारी पक्षाने आपली केस उभी करायची, नुसत्या गप्प बसण्यावर शिक्षा होत नाही. आणि सगळा पुरावा परिस्थितीजन्य असेल तर 1984 च्या सारडा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पाच कसोट्या घालून दिल्यात, साखळी अशी पूर्ण हवी की आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शंकाच उरू नये. ती केस उलटी होती बरं का, तिथे मेलेली बायको होती आणि आरोपी नवरा, आणि तो सुटला. शंकेचा जो फायदा त्याला मिळाला तोच बायकोलाही मिळायला हवा, पडद्यावरसुद्धा, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : ताई, मी एम.एस. युनिव्हर्सिटीत शिकतो. दिवाळी अंकासाठी कथा लिहितोय, बायको नवऱ्याला असं विष देते जे कुठल्याच टेस्टमध्ये येत नाही. ठीक वाटतं का?

उत्तर : बाळा, नको. सापडतच नाही असं विष म्हणजे लेखकाने हात वर करणं. आर्सेनिकची पक्की टेस्ट 1836 पासून आहे, मार्श टेस्ट, काचेच्या नळीत काळा चकचकीत डाग धरतो. 1840 मध्ये फ्रान्समध्ये मारी लाफार्ज या तरुण बायकोला त्याच टेस्टवर दोषी ठरवलं, आणि गंमत बघ, आधीच्या तज्ज्ञांना काही सापडलं नव्हतं, मग पॅरिसहून ऑर्फिला नावाचा विषतज्ज्ञ आला आणि त्याला सापडलं, आणि त्यावरून लोक नंतरही भांडत राहिले. तुझी गोष्ट तिथे आहे! टेस्ट एक सांगते, दुसरी दुसरं सांगते, आणि मध्ये एक बाई उभी आहे. आपल्याकडे व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातले अवयव, मिठाच्या घट्ट पाण्यात घालून, सील करून लॅबला जातो आणि रिपोर्ट यायला वेळ लागतो, तेवढे दिवस त्या घरात कोण कोणाच्या हातचं जेवतं ते लिही. सासू चहा स्वतः करायला लागते, दीर जेवायला बाहेर जातो, असं.

आणि विषाचा संशय शोधायला लांब कशाला जातोस, आपल्याच बडोद्यात बघ की. 1874 च्या नोव्हेंबरमध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअरच्या पपनसाच्या सरबतात आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड घातली असा आरोप महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला. सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज तीन हिंदी, ग्वाल्हेरचे शिंदे आणि सर दिनकरराव पण होते त्यात. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी मंडळींना ते पटलं नाही, तीन-तीन. तरी एप्रिल 1875 मध्ये महाराजांना गादीवरून काढलंच, कारण दिलं गैरकारभाराचं. सिद्ध न झालेला संशय माणसाचं काय करतो हे तुला इथल्या इथे वाचायला मिळेल.

प्रश्न : अशा विषयावरचं एकच काहीतरी सुचवा, सासू-सून दोघींना बघता येईल असं. आणि जुन्या मराठी रहस्यकथा बडोद्यात कुठे मिळतील? (दांडिया बझार)

उत्तर : 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल' बघा, 2023 चा फ्रेंच सिनेमा, कान फिल्म फेस्टिव्हलला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं होतं. नवरा घराच्या वरच्या मजल्यावरून पडून मेलाय, बायको लेखिका, आणि मुलगा, ज्याला नीट दिसत नाही, त्याची साक्ष. नवरा-बायकोच्या भांडणाचं रेकॉर्डिंग कोर्टात लावतात तो सीन बघताना मी हातातलं भाजी निवडणं थांबवलं होतं. सबटायटल्स वाचावी लागतात, सासूबाईंना तुम्ही वाचून दाखवा.

पुस्तकांसाठी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, सयाजीरावांच्या वेळची. बाबूराव अर्नाळकरांपासून मागायला सुरुवात करा, हजाराच्या वर लिहिल्यात त्यांनी. जुन्या प्रतींची शेवटची पानं कधी कधी गळालेली असतात, घरी नेण्याआधी काउंटरवरच उघडून बघा.