प्रांतपालांची भेट: नव्या सचिवासाठी चार गोष्टी

यंदा पहिल्यांदाच आपल्या रोटरी क्लबचा सचिव झालास, म्हणून प्रांतपालांच्या भेटीबद्दल मनापासून सांगतो. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि प्रांतपालांच्या, म्हणजे रोटरीच्या एका प्रांताच्या (डिस्ट्रिक्टच्या) प्रमुखांच्या, हाती ते एकच वर्ष असतं. पुणे-रायगडच्या ३१३१ प्रांतात शंभराहून जास्त क्लब आहेत. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम एक संध्याकाळ येते. ती हार-तुऱ्यांत घालवू नकोस. एक शाल, एक रोपटं पुरे.

खरी भेट सभेच्या आधी होते, जेव्हा प्रांतपाल क्लबचे अध्यक्ष, तू आणि संचालक मंडळ यांच्यासोबत बसतात. तिथे सदस्यसंख्या, हजेरी, प्रकल्प, रोटरी फाउंडेशनला दिलेली देणगी, सगळं विचारलं जातं. आकडे खरे सांग. माझ्या वर्षी आम्ही रखडलेला बंधारा 'प्रगतिपथावर' म्हणून दाखवला. त्यांनी सरळ विचारलं, "पाणी कधी अडलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग अडचण मोकळेपणानं मांडली, तेव्हा त्यांनीच शेजारच्या क्लबशी गाठ घालून दिली. ती लाज अजून आठवते, आणि ती मदतही.

जमलं तर सभेआधी त्यांना एखाद्या प्रकल्पावर ने. शाळेतला हँडवॉश स्टेशनचा नळ चालू आहे ना, आदल्या दिवशी स्वतः बघ.

सभेत प्रांतपालांचा परिचय दोन मिनिटांत संपव. त्यांचं नाव, गाव, व्यवसाय त्यांच्याकडूनच तपासून घे. सोबत जोडीदार आले तर त्यांचंही नाव घे. हे फार विसरलं जातं. नव्या सदस्यांना रोटरीची पिन प्रांतपालांच्या हस्ते लावायची असेल तर अध्यक्षांशी आधी बोल, आणि त्या सदस्यांना पुढच्या रांगेत बसव.