वीज शिरपूरची गेली, सर्व्हरची नव्हे: टीमक्सविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी शिरपूरहून भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याच्या सोयीने, काम करतो. रात्री डेटाबेसची मोठी आयात चालू असताना वीज जाते, राउटर बंद पडतो आणि काम अर्ध्यावर थांबते. मोठा इन्व्हर्टर घ्यावा का?

उत्तर: इन्व्हर्टर अवश्य घ्या, पण या दुखण्यावरचा इलाज तो नव्हे. एसएसएचची जोडणी तुटल्याचे सर्व्हरला कळले, की त्या टर्मिनलमधल्या (आज्ञा देण्याच्या खिडकीतल्या) प्रोग्रामांना ‘हँगअप’ हा संकेत जातो आणि बहुतेक प्रोग्राम तिथेच संपतात. टीमक्स (tmux) हा टर्मिनलमधली कामे एका ‘सत्रात’ जिवंत ठेवणारा प्रोग्राम मात्र सर्व्हरवर स्वतंत्रपणे चालत असतो, आणि आपली आयात ज्या टर्मिनलमध्ये चालते ते टर्मिनल त्यानेच तयार केलेले असते. त्यामुळे शिरपूरला अंधार झाला तरी तिकडचे काम सुरू राहते, पाहणारा तेवढा उठून गेलेला असतो. सर्व्हरवर लॉगिन झाल्यानंतर ‘टीमक्स न्यू -एस आयात’ ही आज्ञा देऊन त्या सत्रात काम सुरू करावे. पुष्कळ जण टीमक्स घरच्या लॅपटॉपवर सुरू करून मग एसएसएच करतात. त्याचा या बाबतीत काहीही उपयोग होत नाही. बाहेर पडताना कंट्रोल-बी दाबून सोडावे आणि मग डी दाबावे. परतल्यावर ‘टीमक्स अटॅच -टी आयात’ म्हणावे. सर्व्हरच रीबूट झाला तर सत्रही जाते, म्हणून आयातीची लॉग फाइल लिहिली जाईल अशी व्यवस्था तरीही ठेवावी. टीमक्समध्ये पडद्याचे चार भागही करता येतात, पण ती हौस नंतर भागवता येईल. आधी हे सुटणे-जोडणे हाताला बसू द्यावे.

प्रश्न: जळगावच्या आमच्या कार्यालयात सगळे टीमक्सऐवजी ‘स्क्रीन’ हा तशाच कामाचा प्रोग्राम वापरतात. ते सोडावे का?

उत्तर: बोटांना सवय असेल तर मुळीच घाई नको. स्क्रीन १९८७ सालचा, टीमक्स निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये सुरू केलेला. सत्र जिवंत ठेवण्याचे काम दोन्ही चोख करतात. मात्र रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ८व्या आवृत्तीपासून स्क्रीन मूळ संचात मिळत नाही, त्यामुळे नव्या माणसाला मी टीमक्सच शिकवीन.

प्रश्न: रावेरला केळीच्या वाहतुकीच्या नोंदी तपासणारी स्क्रिप्ट हजारो ओळी छापते. टीमक्समध्ये वर गेलेल्या ओळी दिसत नाहीत.

उत्तर: कंट्रोल-बी आणि त्यानंतर डावा चौकोनी कंस दाबल्यास मागे सरकता येते, क्यू दाबून परत यावे. मूळ मर्यादा २००० ओळींची असते. ती टीमक्सच्या मांडणीच्या (कॉन्फिगरेशन) फाइलमध्ये ‘हिस्टरी-लिमिट’ने वाढवता येते, परंतु वाढ नव्याने उघडलेल्या खिडक्यांनाच लागू होते, आणि फाइल बदलूनही फरक पडला नाही ही तक्रार बहुधा येथूनच येते. माउसचे चाक चालावे यासाठी त्याच फाइलमध्ये ‘सेट -जी माउस ऑन’ लिहावे.

प्रश्न: मी धुळ्याला शिकवतो आणि विद्यार्थी नंदुरबारला आहे. दोघांना एकच पडदा पाहता येईल का?

उत्तर: येईल. दोघांनी एकाच खात्याने लॉगिन करून एकाच सत्राला जोडून घ्यावे. विद्यार्थ्याने केवळ पाहावे असे वाटत असल्यास त्याने ‘अटॅच’ला ‘-आर’ जोडावे. तथापि खाते एकच असल्याने तो पर्याय गाळून जोडले जाणे त्याच्या हाती राहते. म्हणून चालू व्यवसायाच्या सर्व्हरवर हा वर्ग भरवू नये.