वाचकांचे प्रश्न: स्पेनच्या महिला संघाचे श्रेय कोणाचे?

प्रश्न : २०१५ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात गटात तळाला राहिलेला स्पेन २०२३ मध्ये जगज्जेता झाला. आठ वर्षांत असे काय घडले? आणि एवढे यश मिळूनही प्रशिक्षकांना सोळा दिवसांत घरी का पाठवण्यात आले?

उत्तर : कॅनडातील ती स्पर्धा स्पेनचा पहिलाच विश्वचषक होता. कोस्टा रिकाशी बरोबरी आणि ब्राझील व दक्षिण कोरियाकडून हार, एवढ्यावर तो आटोपला. त्यानंतर खेळाडूंनी एकत्रित निवेदन काढून, सराव सामने आणि प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास यांवाचून आपल्याला मैदानात उतरवले गेल्याची तक्रार केली आणि १९८८ पासून प्रशिक्षकपदावर असलेल्या इग्नासिओ केरेदा यांनी पायउतार व्हावे, अशी मागणी केली. केरेदा गेले, होर्खे विल्डा आले. माझ्या मते संघाची खरी चढण या निवेदनापासून मोजावी.

बाकीचे काम क्लबांनी आणि वयोगटाच्या संघांनी केले. बार्सिलोनाने २०२१ मध्ये चेल्सीला ४-० असे हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. स्पेनच्या आघाडीच्या खेळाडू अलेक्सिया पुतेयास आणि आयताना बोनमाती या तेथल्याच. खेळाडूंच्या २०१९ च्या संपानंतर पुढील वर्षी झालेल्या करारात किमान वेतन आणि मातृत्वाचे हक्क मिळाले. १७ वर्षांखालील विश्वचषक स्पेनने २०१८ मध्ये जिंकला आणि २०२२ मध्ये पुन्हा, तोही आपल्या नवी मुंबईत. साल्मा पारायुएलो २०१८ च्या त्या संघात होती, २०२२ च्या २० वर्षांखालील विजेत्या संघातही होती, आणि २०२३ च्या विश्वचषकात नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात जादा वेळेत निर्णायक गोल तिनेच केला.

सिडनीतील अंतिम सामन्याचा एकमेव गोल पुन्हा पाहावा असा आहे. २९ व्या मिनिटाला इंग्लंडची उजवी बचावपटू लूसी ब्राँझ चेंडू घेऊन मैदानाच्या मध्यात शिरली आणि तो गमावून बसली. तिची जागा मोकळीच होती. स्पेनने चेंडू तत्काळ त्या बाजूला वळवला, मारिओना काल्देन्तेयने तो पुढे सरकवला आणि मागून धावत आलेल्या ओल्गा कार्मोनाने डाव्या पायाने जमिनीलगत दूरच्या कोपऱ्यात धाडला.

प्रशिक्षकांविषयीचा असंतोष जुनाच होता. सप्टेंबर २०२२ मध्ये १५ खेळाडूंनी, आपल्या मानसिक स्थितीवर परिणाम होत असल्याचे सांगून, निवडीसाठी विचार करू नये असे स्पेनच्या फुटबॉल महासंघाला कळवले होते. त्यांपैकी तिघीच विश्वचषकाला गेल्या. पदक समारंभात महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी संघातील खेळाडू हेन्नी एर्मोसोचे तिच्या संमतीविना चुंबन घेतले, पुढे राजीनामा नाकारणारे भाषण केले, आणि त्या भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्यांत विल्डाही होते. जगज्जेत्या खेळाडूंनी या नेतृत्वाखाली खेळण्यास नकार दिल्यावर ५ सप्टेंबर रोजी विल्डांना हटवण्यात आले. त्यांच्या जागी त्यांच्याच सहायक मोन्से तोमे आल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सेव्हिल येथे फ्रान्सला २-० असे नमवून स्पेनने नेशन्स लीगही जिंकली.