सॉफ्टवेअर चालतंय, ग्राहकही आहेत, मग डिझाइनवर वेगळा खर्च कशाला?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला टोचलं. तुमचे मुख्य प्रोग्रामर म्हणतात की सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, लोकांना नीट वापरता येत नाही, एकदा ट्रेनिंग दिलं की झालं. हे वाक्य मी कित्येक वर्षं रोज ऐकलंय. मी डिझायनर नाही. मी सपोर्टला होते, म्हणजे ज्या फोनवर ग्राहक ओरडतात त्या फोनवर. डिझाइनचा खर्च परवडतो का, हे त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारावं.

आमचं सॉफ्टवेअर गोदामांसाठी होतं. माल किती आला, किती गेला, कुणाला पाठवायचा, हे सगळं त्यात. ऑर्डर भरायची आणि 'सेव्ह' दाबायचं. दाबलं की नोंद व्हायची, पण स्क्रीनवर काहीच हलायचं नाही. भरलेला फॉर्म तसाच, ग्राहकाचं नाव तेच, नग तेवढेच, बटणही तसंच निळं. फक्त तळाशी डाव्या कोपऱ्यात करड्या बारीक अक्षरांत 'नोंद जतन झाली' असं उमटायचं आणि दोन-तीन सेकंदांत जायचं. बटण उजवीकडे. नजर अर्थातच बटणावर. माणसाला वाटायचं, आपलं दाबणं लागलंच नाही. त्यात नेट हळू असलं तर विचारूच नका. तो पुन्हा दाबायचा, आणि एका ऑर्डरीच्या दोन व्हायच्या, कधी तीन.

मग आम्हाला फोन. माल दोनदा गेला, गाडी परत बोलवा, बिल रद्द करा, स्टॉक जुळत नाही, महिनाअखेरीला हिशोब लागत नाही. आणि समोरचा माणूस घाबरलेला असायचा, कारण त्याच्या साहेबाने त्याच्यावरच खापर फोडलेलं असायचं. एकजण मला म्हणाला होता, "मॅडम, मी एकदाच दाबलं हो." त्याने दोनदा दाबलं होतं, नोंदीत दिसत होतं. पण त्याच्या दृष्टीने पहिलं दाबणं झालंच नव्हतं, आणि ते झालं हे त्याला सांगायचं काम आमच्या स्क्रीनचं होतं.

मीटिंगमध्ये मी हे मांडलं की आमच्या मुख्य प्रोग्रामरचं उत्तर ठरलेलं: "मेसेज येतो ना? लोक वाचत नाहीत त्याला मी काय करू?" मग ट्रेनिंगची टीम पाठवली. मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत 'सेव्ह एकदाच दाबा' छापलं. काही ठिकाणी लोकांनी तसा कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवला. ज्या स्क्रीनला बाहेरून चिठ्ठी लावावी लागते तिचं डिझाइन फसलेलं आहे, यावर मी वाद घालत नाही. गोदामातली माणसं बदलली की फोन पुन्हा सुरू. शेवटी एक मोठा ग्राहक सोडून गेला. जाताना पाठवलेल्या मेलमध्ये फीचर्सबद्दल अवाक्षर नव्हतं, आकड्यांवर भरवसा राहिला नाही एवढंच होतं.

त्यानंतर टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने ते बदललं. सेव्ह दाबताक्षणी बटण बंद, बटणाच्याच जागी मोठ्या अक्षरांत ऑर्डर नंबर, फॉर्म रिकामा, आणि तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरच ती नाकारणार. दुबार ऑर्डरींचे फोन थांबले. ट्रेनिंगवर जेवढा पैसा गेला होता त्यापुढे हे काम काहीच नव्हतं. आमच्या मुख्य प्रोग्रामरनी त्यावर एक शब्द काढला नाही. मला त्याचा राग अजून आहे.

हा वाद फार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. पायलट फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मिटवायला जायचे आणि चाकं मिटवायचे. शेरा ठरलेला, पायलटची चूक. 1943 मध्ये अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर दोन्ही कळा शेजारी-शेजारी आणि दिसायला सारख्या. त्याने चाकांच्या कळीला रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. हाताला न बघता फरक कळायला लागला. आज प्रवासी विमानांत चाकांच्या कळीची मूठ चाकाच्या आकाराची असावी असा नियमच आहे. पायलट कमी शिकलेले होते असं कुणी म्हणणार आहे का?

पैशांचीच भाषा हवी असेल तर सिटीबँकेचं बघा. ऑगस्ट 2020 मध्ये त्यांना रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं सुमारे 78 लाख डॉलर व्याज सावकारांना पाठवायचं होतं. मुद्दल बाहेर जाऊ नये म्हणून स्क्रीनवर तीन चौकोनांत खूण करावी लागत होती, आणि ते त्या स्क्रीनवरून कळत नव्हतं. एकाच चौकोनात केली. तिघांनी तपासून मंजुरी दिली आणि सुमारे 90 कोटी डॉलर गेले. त्यातले 50 कोटींच्या आसपास परत द्यायला सावकारांनी नकार दिला. बँक 2021 मध्ये खटला हरली, सप्टेंबर 2022 मध्ये अपिलात जिंकली. तीन प्रशिक्षित माणसं, तरी हे झालं.

तुम्ही विचारलं होतं, बजेटचे किती टक्के, आणि डिझायनर नोकरीवर ठेवायचा की बाहेरून काम करून घ्यायचं. टक्केवारी मी सांगणार नाही, धंदा बघितल्याशिवाय ती ठोकून देण्यात अर्थ नाही. सुरुवातीला बाहेरचा चालेल, पण त्याला रंग आणि लोगो द्यायला बोलावू नका. सपोर्टला सगळ्यात जास्त फोन ज्या स्क्रीनवरून येतात ती एक स्क्रीन त्याच्या हातात द्या आणि ती वापरणाऱ्या माणसाशेजारी त्याला बसवा.

एक मात्र खरं, मालच कुणाला नको असेल तर डिझाइन तो विकून देत नाही. आणि दिवसभर आकडे भरणाऱ्याला मोकळी, देखणी स्क्रीन नको असते, त्याला सगळं एका नजरेत आणि कीबोर्डवरून हवं असतं. ट्रेनिंगही लागतंच. धंद्याचे नियम शिकवायला ते हवं, सेव्ह झालं की नाही हे ओळखायला नको.

तुमच्या मुख्य प्रोग्रामरना काही दिवस सपोर्टच्या फोनवर बसवा, मध्ये न बोलता फक्त ऐकायला. तरीही ते ट्रेनिंगचंच म्हणाले तर त्यांना विचारा, गेल्या वर्षी शिकवलेल्यांपैकी किती जण आज त्याच खुर्चीत आहेत. मी हे भर मीटिंगमध्ये विचारलं होतं आणि मला उत्तर मिळालं नाही. तुम्हाला मिळालं तर इथे नक्की लिहा.